मुंबईत एकट्याने आलात, तेव्हा प्रवास कसा शिकलात?

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा बदलीमुळे राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यातून माणसे एकटी मुंबईत येतात. खोली कुठे मिळेल, डिपॉझिट किती द्यावे लागेल हे त्यांना कोणीतरी सांगते. पण सकाळी साडेआठला ठाण्याच्या फलाटावर नेमके कुठे उभे राहावे, हे बहुधा कोणी सांगत नाही, कारण ज्यांना ते अंगवळणी पडले आहे त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटतच नाही. मला हेच ज्ञान मोलाचे वाटते, आणि म्हणून वेगवेगळ्या गावांहून आलेल्यांना मी विनंती केली आहे की नकाशात आणि वेळापत्रकात न सापडणारे जे तुम्ही शिकलात, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी साताऱ्याहून आलो. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि पश्चिम, मध्य व हार्बर हे रेल्वेचे मार्ग त्याला उभे चिरत जातात, एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धा गोंधळ संपतो. पत्ता विचारताना आधी स्थानक, मग पूर्व की पश्चिम, आणि त्यानंतर रस्ता, हाच क्रम ठेवावा. चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाला समोर दिसणारी इमारत गाठण्यासाठी पुन्हा पूल चढावा लागतो. नव्याने येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आहेत आणि डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना त्यापुढचे, ८ ते १४ असे क्रमांक आहेत. जुने मुंबईकर अजूनही सवयीने जुना क्रमांक सांगतात, तेव्हा पाटी पाहावी.

मूळ गाव नांदेड, नोकरी मंत्रालयात, राहणे बदलापूरला

मला प्रवास शिकवला तो आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. रुजू झालो त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, ‘साहेब, गाडी पकडायला नंतर शिका, आधी इंडिकेटर वाचायला शिका.’ मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर, म्हणजे फलाटावर पुढची गाडी दाखवणाऱ्या फलकावर, गावाचे पूर्ण नाव येतेच, पण गर्दीत नजर जाते ती अक्षरावर आणि वेळेवर. ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे हे सहज समजते. मात्र ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत हे कोणी सांगितल्याशिवाय कळणे अवघड आहे. कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो, एक शहाड-टिटवाळ्याकडून कसाऱ्याला आणि दुसरा उल्हासनगर-अंबरनाथकडून कर्जतला, त्यामुळे बदलापूरकराच्या दृष्टीने या दोन अक्षरांतला फरक फार मोठा आहे. त्याच ओळीत गाडी जलद आहे की धीमी आणि डबे १२ की १५ हेही असते. डब्यांचा आकडा पाहिल्यावरच फलाटावर कुठे थांबायचे ते ठरते.

दुसरा धडा उतरण्याचा. गाडीत चढणे गर्दीच्या हातात असते, पण उतरणे आपल्याला आखावे लागते. मला सकाळी कधी कामानिमित्त दादरला उतरायचे असले तर मी कुर्ला सोडतानाच उठतो आणि पुढच्या माणसाला एकच शब्द विचारतो, ‘दादर?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहायचे. ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःहून अंग चोरून वाट देतो आणि आपण त्याच्या पुढे सरकतो. असे विचारत विचारत दादर येण्याच्या आत उतरणाऱ्यांची एक रांग आपोआप तयार होते. फलाट डाव्या हाताला येणार की उजव्या, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. या प्रश्नाचे उत्तर टाळलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, कितीही दमलेला असला तरी तो हाताने बाजू दाखवतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मंत्रालयापर्यंत मी बरीच वर्षे बेस्टच्या बसने गेलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून विधान भवन स्थानकात उतरतो, आणि पावसाळ्यात चपला ओल्या न करता कार्यालयात पोहोचता येणे ही माझ्या वयात लहान गोष्ट नाही.

मूळ गाव मिरजेजवळ, परळच्या एका रुग्णालयात परिचारिका

वरच्या अनुभवात पुरुषांच्या डब्याची रीत आली आहे. बायकांच्या डब्याची रीत थोडी निराळी आहे. तिथे जागा मिळवण्यासाठी चढल्या चढल्या बसलेल्या प्रत्येकीला ‘कुठे उतरणार?’ असे विचारले जाते आणि जी सर्वांत आधी उतरणार तिची जागा विचारणारीच्या नावावर लागते. मी नवीन होते तेव्हा हा प्रश्न मला फार खासगी वाटत असे, अनोळखी बाई माझे ठिकाण का विचारते आहे असे मनात येई. त्यामागची सोय ध्यानात आल्यावर मीही निःसंकोच विचारू लागले. तिघींच्या बाकावर चौथीला टेकण्यापुरती जागा देणे ही आमच्याकडे मेहेरबानी मानली जात नाही, तो चौथ्या सीटचा हक्कच असतो.

मी डोंबिवलीला कॉट बेसिसवर राहत होते, म्हणजे खोलीतली एक खाट आणि एक कपाट माझे. रात्रपाळी संपवून सकाळी परळहून निघाले की गर्दी समोरच्या दिशेने येत असे आणि माझ्या गाडीत खिडकी मिळत असे. पाळीची नोकरी करणाऱ्या मुलींना मी मुद्दाम सांगते की घर निवडताना भाड्याइतकाच विचार उलट्या दिशेच्या प्रवासाचा करावा.

रात्रीच्या प्रवासाची भीती मला होती, आणि ती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. रात्री उशिरा बायकांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो ज्या डब्यात चढताना दिसेल त्याच डब्यात बसावे, रिकामा डबा कितीही मोकळा वाटला तरी त्यात बसू नये. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवावा. पण मला खरा आधार मिळाला तो ठरलेल्या गाडीतल्या ठरलेल्या बायकांचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या झेंडूच्या माळांनी डबा सजवायच्या, पूजा करायच्या आणि पेढे वाटायच्या. त्यांनी पहिल्या वर्षी माझ्याकडून वर्गणी मागितली, त्या दिवशी या शहरात आपल्याला कोणीतरी मोजते आहे असे मला प्रथम वाटले. सलग दोन दिवस दिसले नाही तर त्यांचा फोन येई.

मूळ गाव सोलापूर, संगीत शिक्षक

मी जन्मांध आहे. सोलापुरात मी ओळखीच्या पावलांवर आणि ओळखीच्या माणसांवर फिरत होतो. मुंबईत पांढरी काठी हाती घेऊन एकट्याने फिरण्याचे रीतसर शिक्षण घेतले, आणि डोळस मित्रांना नवल वाटते, पण मला हे शहर सोलापूरपेक्षा सोपे गेले. त्याचे कारण असे की इथे बहुतेक गोष्टी आपापल्या जागी आणि आपापल्या वेळी होतात. जिन्याच्या पायऱ्या बदलत नाहीत, डबा रोज त्याच खांबापाशी थांबतो, पुढच्या स्थानकाची सूचना डब्यात मराठीतून ऐकू येते. दिव्यांगांच्या डब्याची जागा दाखवणारा बीप-बीप आवाज अनेक फलाटांवर लावलेला आहे. त्याच्या खाली जाऊन उभे राहिले की दार समोर येते. जिथे हा आवाज बंद असतो तिथे मात्र आमची फार अडचण होते, आणि प्रवाशांनी ही तक्रार आमच्या वतीने जरूर नोंदवावी.

सूचना ऐकू आली नाही तरी स्थानक ओळखता येते. माहीम सोडून वांद्र्याकडे जाताना खाडीचा वारा आणि वास दारातून आत येतो. हार्बरवर मानखुर्द गेल्यानंतर वाशीच्या खाडीपुलावर चाकांचा आवाज बदलतो आणि बराच वेळ तसाच पोकळ राहतो, त्यावरून उठायची वेळ झाली हे मला कळते. दादरच्या पश्चिमेला उतरलो की फुलबाजाराच्या दिशेने शेवंती आणि ओल्या पाल्याचा वास येतो, आणि मी त्या वासाला पाठ करायची की तोंड हे ठरवून वळतो.

मदतीविषयी एक विनंती करतो. अंध माणसाला रस्ता ओलांडून देताना त्याचा दंड धरून त्याला पुढे ढकलू नये. ‘मदत हवी का?’ असे आधी विचारावे आणि आपला हात पुढे करावा; तो आपणहून कोपराला धरेल आणि अर्धे पाऊल मागे राहून चालेल. पायरी आली की चढायची की उतरायची एवढे बोलून सांगावे. फेरीवाले हे फार चांगले जाणतात. ज्या गल्लीत मी शिकवायला जातो तिथला केळीवाला रस्ता खणलेला असला की मला लांबूनच हाक मारून सांगतो.

मूळ गाव लातूर, २००५ च्या जूनमध्ये मुंबईत

मी येऊन थोडेच दिवस झाले होते आणि मला शहर ठाऊक होते ते फक्त रेल्वेच्या खिडकीतून : अंधेरीला काम, बोरिवलीला खोली, मधली स्थानके पाठ. २६ जुलैला दुपारनंतर गाड्या बंद पडल्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे आम्हाला नंतर कळले. तेव्हा फक्त एवढेच दिसत होते की अंधेरीचा सबवे पाण्याखाली आहे आणि फोन लागत नाहीत. कार्यालयातल्या एका वयस्क बाईंनी सांगितले की रुळांवरून जाऊ नका, पूर्व द्रुतगती नव्हे, पश्चिम द्रुतगती महामार्ग गाठा, तो उंचावर आहे, आणि उत्तरेकडे सरळ चालत राहा. हे दोन रस्ते वेगळे आहेत हेही मला त्या दिवशी समजले.

महामार्गावर हजारो माणसे चालत होती. जिथे पाणी गुडघ्याच्या वर होते तिथे लोक दुभाजकाला धरून एकामागून एक जात होते, आणि पुढचा माणूस पायाने खड्डा चाचपून मागच्याला मोठ्याने सांगत होता. जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली ही नावे मी तोवर फक्त स्थानके म्हणून ऐकली होती. त्या रात्री ती एका रस्त्यावरची गावे म्हणून ओळखीची झाली. वस्त्यांमधले लोक बाहेर येऊन चहा, बिस्किटे आणि पिण्याचे पाणी देत होते, घरात येऊन बसा म्हणत होते. पहाटे नॅशनल पार्कच्या फाटकाशी पोहोचलो.

तेव्हापासून नवीन माणसाला मी आग्रहाने सांगतो की सुट्टीच्या दिवशी घर ते कामाचे ठिकाण हे अंतर एकदा बसने आणि जमेल तेवढे पायी कापावे. कोणता सबवे तुंबतो, कोणता उड्डाणपूल पायी ओलांडता येतो, वाटेत कोणाचे घर आहे, हे कोरड्या दिवसांतच पाहून ठेवावे. हिंदमाता, मिलन सबवे, सायन, कुर्ला ही नावे पावसाळ्यात बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात; आपला मार्ग त्यांतून जात असेल तर दुसरा मार्ग तयार हवा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही मार्गांवरच्या गाड्या बंद असतात किंवा वळवलेल्या असतात; त्याचे वेळापत्रक शनिवारीच पाहावे.

मूळ गाव रत्नागिरी, कायद्याची विद्यार्थिनी

मी गिरगावात राहते आणि चर्चगेटला महाविद्यालयात जाते, त्यामुळे माझा अनुभव मुख्यतः चालण्याचा आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, ती वांद्रे आणि सायनच्या अलीकडे येऊ शकत नाही; हे मला कोणी सांगितले नव्हते. टॅक्सी रोज परवडत नाही. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले, आणि दिवसाला दोनतीन वेळा बस बदलणाऱ्या विद्यार्थ्याला ते जाणवते. म्हणून ठाकूरद्वारहून समुद्राच्या बाजूने चालत जाते. पाहुण्यांना आणि नव्या मैत्रिणींना मी सांगते की बसथांब्यांची जुनी नावे शिकून घ्या. ‘ऑपेरा हाऊस’ किंवा ‘प्रार्थना समाज’ म्हटले की कंडक्टर कुठे उतरायचे ते बिनचूक सांगतो.

मूळ गाव गोंदिया, २०२५ मध्ये आलो, राहणे मरोळला

सर्वांचे अनुभव वाचले. माझी पिढी तिकीट मोबाइलवर काढते आणि मरोळ नाक्याहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत भुयारी मेट्रोने जाते, त्यामुळे लोकलची गर्दी मला रोज सोसावी लागत नाही. याच मरोळ नाक्यावर घाटकोपर-वर्सोवा मेट्रोही मिळते, त्यामुळे मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मला जवळ पडतात. पण भुयारातून वर आल्यावर दिशा कळत नाही, ही अडचण नवीन आहे. मोबाइलचा नकाशा तिथे थोडा वेळ गोल फिरत राहतो. बाहेर पडण्याच्या दारांना क्रमांक आणि अक्षरे असतात. ज्या ठिकाणी जायचे तिथल्या लोकांना ‘कोणत्या दाराने बाहेर येऊ?’ असे आधीच विचारून ठेवावे, म्हणजे रुंद रस्ता ओलांडण्याचा त्रास वाचतो. संकुलात इमारती एकमेकींपासून लांब आहेत आणि दुपारच्या उन्हात हे अंतर अंगावर येते.

लोकल मी अजून शिकतो आहे. नांदेडच्या काकांनी लिहिलेला ‘दादर?’ हा प्रश्न मी परवा घाटकोपरहून जाताना विचारून पाहिला. पुढचे गृहस्थ ‘नाही, परळ’ म्हणाले, बाजूला सरकले आणि फलाट कोणत्या हाताला येणार तेही त्यांनी न विचारता सांगितले.