एच-१बीमुळे अमेरिकनांचा पगार पडतो की नाही?

कोथरूड_ते_एडिसन

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रंप यांनी एच-१बीच्या (परदेशी तज्ज्ञांना अमेरिकेत नोकरीसाठी मिळणारा व्हिसा) नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हापासून आपल्या ग्रुपांवर एकच सूर : ‘जळतात मेले.’ मला पटत नाही. पगार पडतो, आणि त्याची सोय कायद्यातच आहे. एच-१बीवाल्याला द्यायच्या किमान वेतनाच्या चार लेव्हल असतात. लेव्हल १ म्हणजे साधारण १७वा पर्सेंटाइल. त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांना त्याहून जास्त मिळतं, तरी कंपनी नियमात! २०१९ मध्ये मंजूर जागांपैकी ६० टक्के जागा लेव्हल १ आणि २ च्या होत्या; दोन्ही मध्यम पगाराच्या खाली. ऑफिसात पँट्रीच्या भिंतीवर एलसीएची (एच-१बीसाठी कंपनी कामगार खात्याकडे करते तो अर्ज) नोटीस लावलेली असते, तिच्यावर पगार छापलेला असतो. कॉफी भरताना वाचा एकदा.

आणि डिस्ने विसरलात? २०१४-१५ मध्ये ओरलँडोतल्या सुमारे २५० जणांना नारळ दिला, त्याआधी कित्येकांना आपल्याच जागी एच-१बीवर येणाऱ्यांना केटी द्यायला (म्हणजे काम शिकवायला) लावली. लोकमत बिघडेल नाहीतर काय?

सदाशिव_टेक्सासकर

डिस्ने किती वर्षं चघळणार? वर्षाला ६५,००० आणि तिथून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००, एवढाच कोटा. विद्यापीठं, संशोधन संस्था त्यात नाहीत, मान्य. पण १६-१७ कोटी कामगारांच्या देशात एवढ्याने पगार पडतो? पेरी, शिह आणि स्पार्बर या अर्थतज्ज्ञांनी १९९० ते २०१० या काळातली अमेरिकन शहरं तपासली. जिथे परदेशी तंत्रज्ञ जास्त आले, तिथे पदवीधर अमेरिकनांचे पगार वाढलेले दिसले. आणि व्हिसा नाकारला की जागा स्थानिकाला मिळते हा भ्रम आहे. ती हिंजवडीला येते, नाहीतर कॅनडात जाते.

कोथरूड_ते_एडिसन

पदवीधरांचे वाढले असतील, प्रोग्रामरांचं काय? बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अर्थतज्ज्ञांचा हिशोब बघा : नव्वदीतली आवक झाली नसती तर २००१ मध्ये अमेरिकन संगणक तज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. त्याच अभ्यासात ग्राहकांचा फायदाही दाखवलाय. कांदा स्वस्त झाला की शहर खूश. लासलगावला जाऊन विचारा.

बेंचवरचा_बाजी

दोघेही आमच्या डोक्यावरून बोलताय. आम्ही स्वस्त नाही हो, बांधलेले आहोत. ग्रीन कार्डात (कायम राहण्याच्या परवान्यात) एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची. नोकरी बदलता येते, पण नव्या कंपनीने पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी) पहिल्यापासून करायचं. काढलं तर ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. अशा माणसाने अप्रेझलला तोंड उघडायचं कसं? मॅनेजरलाही ते ठाऊक असतं. आमचे हात मोकळे केले तर शेजारच्या डेस्कवरच्या अमेरिकनाचा पगारही आपोआप सावरेल.

दादरची_आजी

गंमत वाटते. १९६६ पासून दादर-परळात ‘आमच्या नोकऱ्या दाक्षिणात्यांनी पळवल्या’ ऐकत आलेली माणसं आम्ही. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांची नातवंडं आता न्यूजर्सीत ‘वंशवाद, वंशवाद’ ओरडतात! (शेरा सर्वांना. माझ्या घरालाही.)

सदाशिव_टेक्सासकर

आजी, शेरा बरोबर लागला. पण वंशवाद नाहीच असंही म्हणू नका. डिसेंबर २०२४ मध्ये मस्क आणि रामस्वामी एच-१बीच्या बाजूने बोलले, तर त्यांच्याच, म्हणजे ट्रंप यांच्या, गोटातले स्टीव्ह बॅनन तुटून पडले. त्या भांडणात समाजमाध्यमांवर भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं, त्याचा लेव्हल १ शी काडीचा संबंध नव्हता.

कोथरूड_ते_एडिसन

पण डावे सिनेटर बर्नी सँडर्सही एच-१बीच्या विरोधातच बोलले, त्यांना कुठल्या खात्यात टाकणार? त्यांचा मुद्दा पगाराचाच होता. शुल्काचं म्हणाल तर मलाही ते आवडलेलं नाही. तिथेच शिकून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बीवर जाणाऱ्याला ते लागू नाही, हिंजवडीतून नव्याने जाणाऱ्याला मात्र लागू. पगार सावरायचा तर लेव्हल १ ची किंमत वाढवा. ती होती तिथेच ठेवून दारावर टोल बसवला, तर आत जाणाऱ्याला मॅनेजर पहिल्याच दिवशी १ लाखाचा हिशोब ऐकवणार. बाजीराव, मग तुमचं अप्रेझल विसराच.

बेंचवरचा_बाजी

विसरलोच आहे. आमच्याकडे एलसीएची नोटीसही हल्ली पीडीएफ करून इंट्रानेटवर टाकतात. सापडली तर लिंक देतो.