लळा कोणाला आणि कोणाचा?

प्रश्न : ‘मुलांना मोबाइलचा लळा’ अशी वाक्यं हल्ली सर्रास दिसतात आणि कानाला खटकतात. आवड आणि लळा यांत नेमका फरक काय? शिवाय ‘लळा लावणे’ म्हटलं की गुंततो कोण, लावणारा की दुसरा?

– खटकतं ते बरोबरच आहे. मोबाइलचा नाद लागतो, भज्यांची चटक लागते, चहाची तलफ येते. लळा लागतो तो जिवंत जिवाचा. आवड पहिल्या घासालाही जमते. लळ्याला सहवास लागतो. भरवणं, अंगाखांद्यावर खेळवणं, रोज त्याच हाताने पाणी दाखवणं, यातून तो जडतो. म्हणून ‘पाहताक्षणी लळा लागला’ हेही चुकीचंच.

आता विभक्ती. ‘बाळाला मावशीचा लळा लागला’ यात गुंतलं ते बाळ. ‘मावशीने बाळाला लळा लावला’ यात कर्ता बदलला, पण गुंतलेलं पुन्हा बाळच. शंका आली तर एवढंच विचारा : ताटातूट झाली तर कावरंबावरं कोण होईल? ‘ला’ त्यालाच लावायचा.

इथेच ‘जीव लावणे’शी गल्लत होते. ‘तिने वासराला जीव लावला’ म्हणजे माया तिची. वासराचं काय झालं ते वाक्य सांगत नाही. ‘तिने वासराला लळा लावला’ म्हटलं की ते तिची चाहूल लागताच कान टवकारतं, दाव्याला ओढ देतं, हात चाटतं. परिणाम वासरावर झालेला आहे.

– मग लळा फक्त लहानालाच लागतो का?

– नाही. ‘शेजारच्या छकुलीने आजींना लळा लावला’ हे उत्तम मराठी आहे. पण दोघांपैकी एक लहान, मुका किंवा लाड करण्याजोगा हवा. नवरा-बायकोला एकमेकांचा लळा नसतो. तिथे प्रेम, ओढ. गावाचीही ओढच. झाडाचा लळा मात्र मला पटतो, कारण ते पाणी घालून वाढवलेलं असतं.

रूपांकडेही लक्ष असू द्या. लळा लागतो, लावतात, असतो; ‘लळा करणे’ किंवा ‘लळा देणे’ नाही. सामान्यरूप लळ्या- : लळ्यामुळे, लळ्यापोटी. अनेकवचन सहसा होत नाही. ‘लळे पुरवणे’ हा वेगळा वाक्प्रचार, अर्थ लाड पुरवणे.

– म्हणजे मूळ वाक्यात ‘नाद’ घालावा?

– हो. आणि फोन काढून घेताच मूल जेवणही टाकत असेल, तर सरळ ‘व्यसन’ लिहा.