बॅकस्ट्रोकसाठी हँड पॅडल: कोणता साइज?

सोलापूरकर_पालक: मुलगी १४ वर्षांची, १०० मीटर बॅकस्ट्रोक (पाठीवर) पोहते. सरावात पंजाला बांधायची प्लास्टिकची पाटी, म्हणजे हँड पॅडल, घ्यायचंय. दुकानदार म्हणतो मोठंच घ्या, ताकद येते. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात १६ सेंमी. काय घ्यावं?

तलावकाठ: मोठं अजिबात नको ओ. पंजाच्या बाहेर जेमतेम एक सेंमी येईल एवढंच घ्या, तेही भोकांचं. थोडं पाणी निसटतं, खांद्यावर भार कमी येतो. बॅकस्ट्रोकमध्ये करंगळी आधी पाण्यात जायला हवी. पसरट पॅडलनं हाताची पाठ आपटते, मनगट मागं वळतं आणि पाणी धरायच्या आधीच हात सरकतो. पॅडल हाताला बांधायच्या रबरी नळ्यांपैकी मनगटाची काढून टाका, फक्त मधल्या बोटाची ठेवा. कोन चुकला की पॅडल सुटायला लागतं. कोच ओरडण्याआधी तिलाच कळेल.

लेन_चार: सहमत. अंगाचा रोल (पोहताना अंग डावी-उजवीकडे फिरणं) नीट नसेल तर आधी तो, पॅडल नंतर. वॉर्मअपनंतरच घालायचं. सुरुवातीला ५० मीटरचे चार, मध्ये २०-३० सेकंद विश्रांती, शेवटी ५० मीटर मोकळ्या हातानं. खांदा पुढून टोचला तर त्या दिवशी पॅडल बंद.

सोलापूरकर_पालक: बोटाची नळी सैल झाली तर?

तलावकाठ: त्याच जाडीची सिलिकॉन नळी कापून घाला. आणि एप्रिलच्या उन्हात पॅडल काठावर टाकू नका, सोलापूरचं ऊन आहे. साध्या पाण्यानं क्लोरीन धुऊन सावलीत वाळवा.