'काहीच होत नाहीये' म्हणून दुसरा पेला घेतला : भांग, गमी (गांज्याचा अर्क घातलेली जेली) वगैरे, तुमचे अनुभव

धुळवड दोन आठवड्यांवर आली. आमच्या ग्रुपवर 'यंदा थंडाई कोण आणणार' सुरू झालंय आणि मी गप्प बसलोय. कारण सांगतो.

सहा वर्षांपूर्वी कामासाठी बनारसला गेलो होतो. तिथे भांगेची परवानाधारक सरकारी दुकानं असतात, बाहेर राजरोस पाटी लावलेली. पुण्याच्या माणसाला त्या पाटीचंच अप्रूप. थंडाईवाल्याला म्हटलं, हलकी दे. त्याने हिरव्यागार गोळ्यातून चिमूटभर काढून पेल्यात घोळवलं. पाऊण तास घाटावर बसलो, ढिम्म काही नाही. पैसे पाण्यात गेले म्हणून परत जाऊन दुसरा पेला मारला. पुढच्या तासाभरात दोन्ही पेले एकदम भेटायला आले. पायऱ्या उतरताना मोजत होतो, त्या संपेचनात. खोलीवर जाऊन बायकोला फोन लावला. मला वाटलं अर्धी रात्र बोलतोय. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कॉल १ मिनिट ४० सेकंदांचा. 'तू तीन वेळा विचारलंस, मी श्वास घेतोय ना?' इति बायको.

तर लिहा. फक्त खाल्ल्या-प्यायल्याचं लिहा, ओढण्याचं प्रकरण वेगळं. कुठे मिळते हे विचारू नका, सांगू नका.

माळवी मराठी

आमच्या इंदूरच्या घरात भांग म्हणजे आजोबांची संध्याकाळ. पाट्यावर पत्ती, बदाम, खसखस, मिरी, बडीशेप. वाटण इतकं बारीक की बोटाला लागू नये. त्यांची गोळी वाटाण्याएवढी. ती चाळीस वर्षांत ना वाढली, ना दुसरी घेतली. नवख्या जावयाने हट्ट केला तर हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि वर ताकीद : 'घड्याळ बघा. आता दोन तास काही मागायचं नाही.' खाल्लेली भांग यकृतातून फिरून उशिरा चढते वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं, पण दोन तासांचा हिशेब बरोबर ठाऊक होता.

एक गोष्ट तेही सांगायचे, पत्ती दर खेपेला सारखी नसते. मागच्या वेळी एवढ्याने एवढीच चढली होती, हा हिशेब पुढच्या वेळी चालत नाही. शिवाय वाटलेली पत्ती दुधात विरघळत नाही, खाली बसते. एका शिवरात्रीला काकांनी उशिरा येऊन पतेलीच्या तळाची थंडाई संपवली. वरची प्यायलेले आम्ही नुसते हसत होतो आणि काका न्हाणीघराच्या दाराला घट्ट धरून उभे. म्हणे, सोडलं तर दार पडेल.

ऑरेंज सिटी

आमच्याकडे होळीला भजी होती बे. थंडाईला नाही म्हटलं आणि भजी हाणली, कोणी सांगितलंच नाही की त्यातच आहे. आधी हसू, मग जीभ टाळूला चिकटली, मग भूक अशी की पातेलंभर भात संपवला. मला मजा आली, खोटं का बोलू. पण न सांगता खाऊ घालणाऱ्या मित्राशी मी वर्षभर बोललो नाही. त्या दिवशी मला संध्याकाळी गाडी घेऊन अमरावतीला जायचं होतं.

डेन्व्हरकर

हा अनुभव माझा नाही, आईचा. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून दुकानात गांज्याची रीतसर विक्री आहे. नवऱ्याची पाठ दुखते, झोप लागत नाही, म्हणून तो एका गमीचा पाव तुकडा घेतो, म्हणजे अडीच मिलिग्रॅम टीएचसी (भांग-गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य). इथे एका वेळेचं प्रमाण १० मिलिग्रॅम धरतात आणि अख्ख्या पाकिटात १०० पर्यंत असतं. दिसायला मात्र अगदी आपली जेली.

आई सांगलीहून आलेली, वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू. दुपारी चहाबरोबर तिने तीन खाल्ल्या. प्रत्येकीवर इशाऱ्याचं चिन्ह छापलेलं होतं, पण चष्मा टीव्हीपाशी. दोन तासांनी म्हणाली, 'सोफा खाली खाली चाललाय गं.' मग रामरक्षा सुरू केली आणि एकाच ओळीवर अडकली. परत तीच ओळ, परत तीच. उठून उभी राहिली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, मी धरलं म्हणून वाचली. ९११ लावला. नाडी १३०.

इस्पितळात मला खरं सांगायची लाज वाटत होती. नर्सने शांतपणे विचारलं, 'किती, आणि किती वाजता?' एवढंच. ईसीजी, सलाइन, अंधारी खोली, सकाळपर्यंत देखरेख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई पेंगत होती. आता डबा कुलपात असतो. सांगलीत ती सगळ्यांना सांगते की तिकडचं पाणी बाधलं.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, म्हणून वरच्या गोष्टींचा धागा जोडतो. धूर ओढला की टीएचसी फुफ्फुसांतून रक्तात जातं, काही मिनिटांत कळतं. खाल्लं की पोट, आतडं आणि मग यकृत अशी वाट. यकृत त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, आणि ते मेंदूत अधिक सहज शिरतं. म्हणून उशिरा येतं, पण आलं की जोरात. सुरुवात अर्ध्या ते दोन तासांत, भर दोन ते चार तासांनी, उतरायला सहा ते बारा तास. पोटभर जेवल्यावर आणखी उशीर. बनारसच्या पाहुण्याला पहिला पेला चढायच्या आतच दुसरा पोटात गेला होता, एवढंच झालं.

नाडी वाढणं, तोंड कोरडं पडणं, डोळे लाल, उभं राहताना चक्कर, वेळ ताणला जाणं, 'आता मी मरतोय' अशी भीती, हे नेहमीचं. उतारा म्हणून औषध नाही. लिंबू, लोणचं, ताक याने उतरते याला आधार नाही. शुद्धीत असलेल्याने चाखलं तर बिघडत नाही, पण गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, कोणीतरी जवळ बसा. छातीत दुखलं, हाक मारून उठेना, किंवा लहान मुलाने खाल्लं, तर वाट न पाहता इस्पितळ, आणि खरं सांगा.

हृदयरोगी, गरोदर बायका, रक्त पातळ करायची गोळी घेणारे, यांनी अडीच मिलिग्रॅमचा हिशेबही करू नये. दारूबरोबर तर नकोच.

एक ताई

भावाने १९व्या वर्षी हॉस्टेलच्या होळीत भांग घेतली. बाकीच्यांची रात्रीत उतरली. तो तीन दिवस खिडकीचे पडदे लावून बसला, म्हणे मेसवाला त्याचं बोलणं ऐकतोय. आम्ही 'उतरेल, उतरेल' म्हणत राहिलो, लिंबूपाणी देत राहिलो. पुढे स्किझोफ्रेनिया निघाला. भांगेने झाला असं मी म्हणत नाही. आमच्या आत्यालाही होता, आणि घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. घरात असा आजार असेल तर धोका जास्त, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आत्याबद्दल त्याला आधी कोणी सांगितलं असतं तर त्याने पेला घेतला नसता का, ठाऊक नाही. निदान आम्ही लिंबूपाण्यात तीन दिवस घालवले नसते.

डेक कॅडेट

बोटीवर चढण्याआधी लघवीची तपासणी असते. एकदाच घेतली तरी काही दिवस दिसते, रोजच्या माणसाची काही आठवडे. माझा बॅचमेट घरच्या होळीनंतर आठवड्याने तपासणीत अडकला. 'एकदाच घेतली' म्हणत होता, नंतर मित्रांकडून वेगळंच कळलं. करार गेला.

टोरांटोची वहिनी

कॅनडात आख्ख्या पाकिटाला १० मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे, त्यामुळे डेन्व्हरच्या काकूंसारखं इथे जरा अवघड. मी एकदा घेतली, काहीच झालं नाही, झोपले. एवढाच माझा अनुभव.

धागाकर्ता

भांग कायद्यात बसते का, असं दोघांनी विचारलंय. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं, म्हणजे भांगेची पत्ती, येत नाहीत. त्यांचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. म्हणून बनारसला पाटी लागते. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यात भांगही आहे, विनापरवाना चालत नाही. आणि परदेशातल्या गमी म्हणजे पानं नव्हेत, अर्क असतो. 'औषध म्हणून दोनच आणल्या' हे विमानतळावर चालणार नाही.

ताई, तुमचं वाचून ग्रुपवर लिहिलं की यंदा पियूष. दोन अंगठे आलेत, एक रडका चेहरा.