ध्रुवीय समुद्राच्या गाळावर पीएचडी: गोवा की परदेश? सल्ला हवा (नागपूर)

मृण्मयी
नमस्कार. मी नागपूरची. यंदा जिऑलॉजीत एम.एस्सी. झाली आणि नेटमध्ये जेआरएफही (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. अंटार्क्टिकाभोवतीच्या किंवा आर्क्टिक समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळावर पीएचडी करायची आहे. दुसऱ्या सेमिस्टरला सरांनी हिमयुगांवर लागोपाठ तीन तास घेतले होते, तेव्हापासून दुसरा विषय डोक्यात येतच नाही.

घरी संशोधनातलं कोणी नाही. बाबा म्हणतात, "इथे नागपुरात कोळशाची वेकोलि आहे, मँगनीजची मॉयल आहे, खाण ब्युरो आहे, अन् तू समुद्र शोधत कुठे निघाली?" त्यांचं चुकतं असं नाही, पण मला मनापासून हेच करायचंय.

माझा प्रबंध दख्खनच्या बेसॉल्टच्या भूरसायनावर होता, सागरी काहीच नव्हतं. तेवढ्यावर कोणी घेईल का? गोव्यात करावं की बाहेर अर्ज करावेत? आणि जहाजावर नक्की जायला मिळेल अशी जागा कोणती?

वास्कोचा_वारा
अभिनंदन मृण्मयी. स्वतःची जेआरएफ असली की गाइड निवडायची मोकळीक तुमच्याकडे येते. महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच शिष्यवृत्तीची वरची श्रेणी) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. गोव्यात यात नीट निभतं.

गोव्यात मुख्य दोन ठिकाणं. वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, ज्याला सगळे एनसीपीओआर म्हणतात, आणि दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ. मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली स्थानकं, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डचं हिमाद्री, दक्षिण महासागराच्या मोहिमा, हे सगळं एनसीपीओआरकडे आहे. याशिवाय लखनौची बिरबल साहनी संस्थाही पाहा, डायटम (सिलिकाच्या कवचाचे सूक्ष्म शैवाल) आणि परागकणांवर काम करायचं असेल तर विशेष.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कळकळीने सांगतो, जहाजाच्या मागे लागू नका, आधी कोअरचं, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडाचं, विचारा. मी जिथे सुरुवात केली तिथे (नाव घेत नाही) येऊ घातलेल्या मोहिमेच्या भरवशावर मला विषय दिला होता. मोहीम पुढे ढकलली, मग रद्दच झाली. दीड वर्ष मी दुसऱ्यांचे नमुने धूत बसलो. शेवटी 'सागर कन्या' जहाजावरून २००४ साली काढून आणलेल्या एका जुन्या कोअरवर प्रबंध झाला आणि चांगला झाला. शीतगृहात चार अंशांवर ठेवलेला गाळ वीस वर्षांनीही कामाचा असतो. त्याच्याकडून काय विचारायचं, ते विचारणाऱ्याला सुचलं पाहिजे.

म्हणून गाइडला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: माझ्यासाठी कोणता कोअर आहे, कुठल्या अक्षांशावरचा, किती लांब, आणि त्याचं वय कसं ठरवणार? हा वयाचा प्रश्न दक्षिण महासागरात फार अवघड आहे. ध्रुवीय सीमेच्या (जिथे अंटार्क्टिकाचं थंड पाणी उत्तरेकडच्या कमी थंड पाण्याला भेटतं) दक्षिणेला तळावर मुख्यतः डायटमचा गाळ असतो. चुन्याच्या कवचांचे फोरॅम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, कमी सापडतात आणि कवचातल्या कार्बनवरून वय काढणाऱ्या रेडिओकार्बन पद्धतीला तर तेच लागतात. त्यात तिथलं खोल पाणी जुनं असल्यामुळे जिवंत प्राण्याच्या कवचाचंही वय हजार वर्षं किंवा त्याहून जास्त दिसतं. ती दुरुस्ती किती धरायची यावर निष्कर्ष इकडचा तिकडे होतो. ज्या गाइडने यावर विचार केलेला नाही, त्याच्याकडे चौथ्या वर्षी अडकाल.

मृण्मयी
हे कोणीच सांगितलं नव्हतं. रोजचं काम नेमकं कसं असतं तेही लिहाल का?

वास्कोचा_वारा
कोअर उभा चिरतात. एक अर्धा जपून ठेवायचा, दुसऱ्यातून नमुने घ्यायचे. प्रत्येक सेंटीमीटरचा नमुना सुकवून, वजन करून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचा. चिखल वाहून जातो आणि चाळणीवर चिमूटभर पांढरट रेती उरते. ती ओव्हनमध्ये वाळवायची, १५० मायक्रॉनवर पुन्हा चाळायची, काळ्या ट्रेमध्ये पसरायची आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण वेचायचा. ब्रश इतका बारीक की दोनतीनच केस. डावीकडे वळलेल्या कवचाचा पॅकिडर्मा नावाचा फोरॅम दिसायला लागला की पाणी थंड होतं हे कळतं.

एके दिवशी त्या पांढऱ्या कणांत मला एक गुलाबी, धारदार कडांचा गार्नेट खनिजाचा कण दिसला. भर समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवर, वारा एवढा कण नेत नाही. तो बर्फातून आला. हिमनग तुटला, वाहत आला, वितळला आणि हातातला कण खाली सोडून गेला. अशा कणांची मोजदाद करून हिमनग कधी जास्त सुटत होते ते काढतात. त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत मी उठलोच नाही.

आणि बेसॉल्टचं भूरसायन वाया जाणार नाही. गाळातली माती कुठल्या खडकातून आली हे निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून ओळखतात. अर्जात हे ठळक लिहा.

उत्तरेकडची_वाट
बाहेरचं मी सांगते, मी जर्मनीत ब्रेमरहाफेनला आहे. इथली आल्फ्रेड वेगेनर संस्था ध्रुवीय कामाची, तिचं 'पोलारस्टर्न' जहाज १९८२ पासून चालू आहे. शेजारी ब्रेमेनला मारूम ही सागरी संशोधन संस्था, आणि तिथेच समुद्रतळ खोदण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचं कोअर भांडार. २००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव्ह रिज या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर काढलेले कोअरही तिथेच ठेवलेत.

जर्मनीत आणि नॉर्वेत पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. जागा निघते, तिच्यावर अर्ज करायचा. जर्मनीत साधारण तीन वर्षांचा करार आणि बहुतेकदा पूर्ण नाही, अंशवेळचा पगार. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा शिकवण्याचं काम धरून चार. ट्रॉम्सोचं विद्यापीठ सागरी भूविज्ञानात भक्कम आहे, जागा जॉबनॉर्गे या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात. ब्रिटनमध्ये केंब्रिजचं ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे विद्यापीठांबरोबर विद्यार्थी घेतं. तिथल्या बऱ्याच अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे दिवाळीतच कागद तयार हवेत. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा तिथे मोजक्या.

नॉर्वेत एम.एस्सी.चा प्रबंध बारकाईने बघतात. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तो चाळीस पानांत उरकतात. तुमचा तसा असेल तर त्यातूनच एक छोटा लेख करा आणि सोबत जोडा.

एक काम आजपासून करता येईल. 'पॅन्जिया' नावाचा डेटाचा साठा आहे, तो आल्फ्रेड वेगेनर आणि मारूमच चालवतात, बहुतेक सगळा फुकट. अंटार्क्टिकाजवळचा एक कोअर निवडा, आकडे उतरवा, पायथॉन किंवा आर मध्ये खोलीविरुद्ध आलेख काढा आणि मूळ लेखातल्या आकृतीशी जुळवा. जिथे जुळत नाही तिथे का, ते लिहून काढा. मी मुलाखतीला असाच एक कागद घेऊन गेले होते. अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

धंतोलीची_आई
विषयातलं मला कळत नाही. माझी मुलगी बारावीला आहे, म्हणून वाचते आहे. मुलींना जहाजावर, तिकडे बर्फात, घेतात का हो?

वास्कोचा_वारा
घेतात ताई, आणि आजचं नाही. १९८३ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत आदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी अंटार्क्टिकाला गेल्या. सेनगुप्ता भूवैज्ञानिक, पंत समुद्रवैज्ञानिक. आणि आदिती पंत यांचा जन्म नागपूरचाच. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या प्रत्येकाची आधी कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीला बर्फातलं प्रशिक्षण असतं. मुलगा असो की मुलगी.

सेमिनरी_हिल्स
मृण्मयी, मी निवृत्त भूवैज्ञानिक, चाळीस वर्षं विदर्भातच फिरलो. वरच्या मंडळींनी गोवा, जर्मनी सगळं सांगितलं. मी तुला चंद्रपूरला पाठवतो.

इरई गावाजवळ पैनगंगेच्या चुनखडकावर हिमनदीने ओरखडलेला पृष्ठभाग आहे, आणि त्यावर तालचेर नावाच्या खडकसमूहाचे बोल्डर बेड, म्हणजे हिमनदीने आणलेल्या गोट्यांचे थर. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचे. गोंडवन हा दक्षिणेकडचा महाखंड एकसंध होता आणि आपण दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होतो, तेव्हाचे. एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद झाली आहे. ओरखड्यांत बोट घालून बघ, बर्फ कोणत्या दिशेने सरकला ते हाताला कळतं. तालचेरच्या बारीक शेलमध्ये (चिखलाच्या खडकात) मधेच एखादा मोठा गोटा रुतलेला असतो, खालचे थर त्याच्या वजनाने वाकलेले. तोही तरंगत्या बर्फातूनच पडलेला. वास्कोच्या भाऊंनी जो कण मायक्रोस्कोपखाली बघितला, त्याचा हा थोरला भाऊ समज.

पीएचडीच्या मुलाखतीत "हाच विषय का" असं विचारतील, तेव्हा उत्तर पाठ करून जाऊ नकोस. हे बघून जा. आणि बाबांना सोबत ने. मुलीला काय दिसतं ते बापाने एकदा खडकाजवळ उभं राहून ऐकलं, की बोलणं सोपं होतं. वेकोलिचा कोळसा त्याच बर्फानंतरच्या थरांतला आहे, हेही त्यांना तिथेच सांग.

मृण्मयी
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, रविवारी इरईला जाऊन आलो. बाबा गाडी चालवायलाच आले होते, पण ओरखड्यांवर हात फिरवत बराच वेळ बसले. परतताना वरोऱ्याला चहा घेताना म्हणाले, "गोव्याला हॉस्टेल असते का?"

पॅन्जियावरून एक कोअर उतरवलाय, आलेख अजून जुळत नाहीये. दोन गाइडना ईमेल पाठवले. एकांचं उत्तर आलं: कोअर चार मीटरचा, डायटमचा गाळ, शीतगृहात आहे. फोरॅम कमी आहेत, वयाचं काम कष्टाचं होईल, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. याचा अर्थ काय घेऊ?

वास्कोचा_वारा
चांगला अर्थ घ्या. अडचण आपणहून सांगणारे गाइड कमी असतात. आता एवढंच विचारा, की दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला रेडिओकार्बनसाठी किती नमुने पाठवण्याची तरतूद प्रकल्पात आहे, आणि फोरॅम पुरले नाहीत तर दुसरा कोणता मार्ग त्यांनी धरलाय. दोन्हींची उत्तरं सरळ आली तर होकार कळवा आणि नॉर्वेचे अर्जही चालू ठेवा.