कॉलेजच्या काउन्सेलरकडे पोरं जातच नाहीत, ५०० रुपयांत काय करू?

सीआर_थर्ड_इयर: इंदूर. आमच्याकडे मंगळवार-गुरुवार काउन्सेलर मॅडम येतात, फुकट आहे, तरी खोली रिकामी. मॅडम बसून स्वेटर विणतात, एक बाही झाली पण. हॉस्टेलात पोरं रात्री तीन-तीनपर्यंत जागून राह्यलीत, दोघं परीक्षेलाच बसले नाहीत, पण जा म्हटलं की "मी काय वेडा आहे का". क्लास फंडात ५०० आहेत. फक्त ५००.

जुना_इंदुरी: गेटवर मोठा फ्लेक्स लाव. भाच्याने लावला होता, तीन हजारात झाला, राजवाड्यावर शोभला असता.

सीआर_थर्ड_इयर: काका, ५००.

मनीषा_टी: फ्लेक्स कोण वाचतं हो. सेमिनार ठेवा. आम्ही मोटिव्हेशनल स्पीकर आणला, पंधरा हजार घेऊन पाऊण तास स्वतःच्या गाडीबद्दल बोलला मेला, पण हॉल फुल्ल.

निवृत्त_मास्तर: मोबाईल काढून घ्या, सगळं ठीक होईल. आमच्या वेळी काउन्सेलर नव्हते.

बॅकलॉग_किंग: सर तुमच्या वेळी लोक बोलत नव्हते एवढंच. मी गेलोय म्हणून सांगतो, तीन विषय बॅक होते. दाराबाहेर रजिस्टर, नाव, रोल नंबर आणि "कारण" असा रकाना. माझ्या वरच्याने "डोकेदुखी" लिहिलेलं, मी खाली "वरीलप्रमाणे" लिहून आत गेलो. आत औषध-बिषध काही नाही, कुठला पेपर आधी काढायचा ते मॅडमनी कागदावर मांडून दिलं आणि सरांशी बोलू का हे आधी मला विचारलं. तो रकाना काढायला लावा. आणि समुपदेशन म्हणू नका, बॅक, झोप, घरची कटकट असं बोला.

पोहे_विथ_जीरावन: सुप्रीम कोर्टानेच जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे काउन्सेलर हवाच. आणि रात्री तीनला मॅडम कुठून येणार? टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ द्या, फुकट आहे, चोवीस तास.

जुना_इंदुरी: फ्लेक्सवर हा नंबर मोठा येईल.

अनु_०७: मी मैत्रिणीला सोबत घेऊन गेले होते. दार काचेचं, समोर कँटीन, समोसे खाता खाता सगळे बघून राह्यले. ती दारातूनच परतली.

मनीषा_टी: म्हणूनच सेमिनार. गर्दीत कोणी कोणाला बघत नाही.

सीआर_थर्ड_इयर: रकान्याचं विचारलं, ऑफिसवाले म्हणे वरून ऑर्डर आहे. १४४१६ हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. फ्लेक्स नाही, सेमिनार नाही. काचेच्या दाराला पडदा घेतला, ३८० चा, मॅडमनीच टाके घातले. गुरुवारी दोन जण आले, कारण "डोकेदुखी".

जुना_इंदुरी: ३८०? शीतलामाता बाजारात अडीचशेत मिळाला असता.