उत्तर: बारशाचं सोन्याचं नाणं – पलाऊ म्हणजे नक्की कुठलं?

प्रेषक: गंगापूररोडची धाकटी (न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार.

पुढच्या आठवड्यात नाशिकला निघालेय. भाचीचं बारसं आहे. वहिनी म्हणाली, "काही आणू नका हं ताई." म्हणजे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आलंच. म्हणून ऑनलाइन एक अर्ध्या ग्रॅमचं सोन्याचं नाणं घेतलं. शर्टाच्या बटणाएवढं आहे, ११ मिलिमीटर. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला पलाऊचं नाव आणि १ डॉलर. शुद्धता .९९९९.

आता घरी आल्यावर शोधलं तर पलाऊ हा पॅसिफिकमधला छोटासा देश निघाला आणि तिथे चालतो अमेरिकन डॉलर! मग हा त्यांचा सोन्याचा डॉलर आला कुठून? नवरा दोन दिवस एकच वाक्य म्हणतोय, "फसलीस." कुणाला कळतं का यातलं?

*

प्रेषक: पंचवटीकर (शिकागो)

मी आधी पुलाव वाचलं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आमचा मावसभाऊ आहे. विचारू का त्याला?

*

प्रेषक: सातपूरचे नाना (सध्या मुक्काम नाशिक)

पंचवटीकर, मावसभावाला त्रास देऊ नका. नाशिकरोडला नोटा आणि तिकिटं छापतात. नाणी पाडतात ती टांकसाळीत, आणि आपल्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. नाशिकला राहून एवढं तरी चुकू नये.

धाकटे, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत: नाणं कुणाच्या नावाचं आणि ते पाडलं कुणी. या छोट्या बेटांकडे स्वतःची टांकसाळ नसते. ते आपलं नाव वापरायचा परवाना देतात, त्याचे पैसे घेतात, आणि नाणं पडतं भलतीकडेच. तुवालूच्या नावाची नाणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंटने पाडली आहेत आणि ती टांकसाळ तिथल्या राज्य सरकारची आहे. सोमालियाचं हत्तीचं नाणं म्युनिकला तयार होतं, बव्हेरियाच्या सरकारी टांकसाळीत. म्हणजे देश अनोळखी म्हणून नाणं खोटं, असं नाही. उलट देशाचं नाव आहे म्हणून नाणं खरं, असंही नाही. डबीवर किंवा पावतीवर पाडणाऱ्याचं नाव आहे का ते बघ. तेच नसेल तर माझ्या मनात पाल चुकचुकते.

हे काही नवं नाही. १९०६ साली आपल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० च्या वर. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. राजा बदलला, चांदी तीच राहिली! आमच्या आजीच्या गळ्यातल्या पुतळ्यांचंही तेच. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं नाणं, पुढे इथेच तिच्या नकला होऊ लागल्या. आजीला व्हेनिस माहीत नव्हतं, पण सोनार कस लावायचा ते माहीत होतं.

तर कस कसा लावायचा. मी तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात मालाची तपासणी केली, त्यामुळे माझा विश्वास मोजपट्टीवर. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. अर्धा ग्रॅम सोनं ११ मिलिमीटरच्या चकतीत बसवलं तर जाडी येते ०.२७ मिलिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच व्यासाची चकती पितळेची केली तर ०.६ च्या वर जाते. दुपटीहून जास्त! मुलामा कितीही चोख दिला तरी ही जाडी लपत नाही. वजन बरोबर, व्यास बरोबर आणि जाडीही बरोबर, असं पितळेला जमतच नाही. छापाच्या उंचसखलपणामुळे कडेला थोडी जास्त जाडी लागेल, पण दुप्पट नाही.

पाण्यात बुडवून घनता काढायचे व्हिडिओ बघून घरच्या काट्यावर प्रयोग करू नकोस. एवढंसं नाणं पाण्यात टाकलं की वजनात फरक पडणार ०.०२६ ग्रॅमचा. तुझ्या किचनच्या काट्याला ते दिसणारही नाही. ०.०१ पर्यंत मोजणारा काटा आणलास तरी तो ०.०२ किंवा ०.०३ दाखवेल, म्हणजे अर्ध्या ग्रॅमला त्याने भागलं की घनता एकदा २५, एकदा १७! चुंबकही तसाच, पितळ आणि तांबंही त्याला चिकटत नाही.

टंगस्टनची भीती घालणारे भेटतील. त्याची घनता सोन्याच्या अगदी जवळ, १९.२५, हे खरं. पण तो प्रकार मोठ्या बिस्किटांच्या पोटात भरायला. पोस्टकार्डाच्या जाडीत टंगस्टन दडवून वर छाप मारायचा खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

नाणं आणलंस की माझ्याकडे ये. जाडी मोजायचा मायक्रोमीटर अजून जपून ठेवलाय.

*

प्रेषक: माई (डॅलस)

नानांचं गणित छान. पण धाकटे, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. खरं असलं तरी महाग पडलं. अर्ध्या ग्रॅमवर घडणावळ, डबी, टपाल, त्या बेटाचा मान, सगळं तुझ्याच माथी. सरळ नाशिकला जाऊन चोख सोन्याचं वेढणं घेतलं असतंस तर! ग्रॅमाच्या भावाला भागून बघितलंस का?

आणि मुलाम्याच्या जाहिरातींना जपा. "२४ कॅरेट सोन्याचा थर" असं ठळक छापतात आणि थर हा शब्द बारीक. ओळखीच्या जुन्या नाण्यांच्या नकला विकतात तेही बघा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा नकलेवर "कॉपी" हा शब्द कोरावा लागतो, पण परदेशातून थेट पाकिटात येणारं कोण तपासतंय.

*

प्रेषक: गंगापूररोडची धाकटी (नाशिकहून)

मंडळी, बारसं झालं. हिशेब देते.

माई, भागून बघितलं. त्या दिवशीच्या अर्ध्या ग्रॅमच्या भावाच्या जवळजवळ दीडपट दिलेत. राग नाही, फक्त नवऱ्याला हा मेल दाखवत नाहीये.

विमानतळावर नाणं कागदपत्रांसकट जाहीर केलं. दागिन्यांची सवलत नाण्याला लागत नाही, हे बाकीच्यांनीही लक्षात ठेवा. नानांकडे गेले. काकूंनी चहा टाकेपर्यंत नानांनी चष्मा बदलला, हात पुसले, नाण्याच्या दोन्ही बाजूंना टिश्यू कागद धरून मायक्रोमीटर लावला, मग कागदाची जाडी वजा केली. मधे ०.२६, कडेला ०.३१. एक शब्द न बोलता वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली. डबीच्या मागे जर्मन कंपनीचं नाव होतं, मला आधी दिसलंच नव्हतं.

मग दोघं सराफ बाजारात. सराफांनी नाणं चिमट्याने उचललं, काट्यावर ठेवलं: ०.४९९. टंच काढायच्या मशीनमध्ये घातलं, ९९.९ आलं. नाना लगेच म्हणाले, "मशीन वरचाच थर वाचतं, पण जाडी आम्ही मोजलीय." सराफ हसले. म्हणाले, "काका, सोनं चोख आहे. पण मोडायला आणलंत तर मी कासवाचे पैसे देणार नाही. हॉलमार्क नाही, देश कुठला ते माहीत नाही. मी आटवणार आणि आजच्या भावाने, घट धरून घेणार."

आईला ते गळ्यात घालायचं होतं. सराफ म्हणाले, टाका लावला तर एवढं पातळ नाणं वाकेल. त्याऐवजी चांदीची चौकट करून देतो, आतलं सोनं सुटं राहील. दोन दिवसांनी मिळाली. चौकटीची मजुरी नाण्याच्या मानाने जास्तच झाली, माई, तेवढं वाचून सोडून द्या.

आत्याचं नाणं म्हणून सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, कुठल्या देशाचं? मी पलाऊ म्हटलं. आईने मागून पुरवणी जोडली, "आमच्या नानांनी मोजलंय."